उंबऱ्यावरचा शिधा

मुळाणे बारीत, म्हणजे मुळाण्याच्या खिंडीत, सकाळी एवढा गारठा होता की सॅकचे बंद ओढताना बोटं वळत नव्हती. मागे पश्चिमेला मार्कंड्या आणि त्याच्या पलीकडचा सप्तशृंगीचा कडा अजून काळाच होता. पुढे रवळ्या-जवळ्याच्या पठाराची कड नुकती कुठे तांबूस व्हायला लागली होती. भाच्याने माझी सॅक मागून उचलून धरली, मी पट्ट्यांत हात घातले, कमरेचा पट्टा आवळला आणि खांद्यावरचं ओझं हळूहळू कमरेच्या हाडांवर उतरलं. साडेतेरा किलो. नाशिकहून निघताना घरच्या काट्यावर मोजून घेतली होती.

त्या साडेतेरातलं दीड किलो मात्र आमच्यासाठी नव्हतं. एक किलो तूरडाळ, पाव किलो चहा पावडर आणि पाव किलो सुकं खोबरं. कापडी पिशवीत बांधून ते सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. ओझं भरायचा नियम सांगतो की जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर ठेवायची. हे दीड किलो मी मुद्दाम नियम मोडून वर ठेवते. का, ते पुढे सांगते.

चार दिवसांत सातमाळेचा मधला तुकडा चालायचा, असा बेत होता. पहिल्या दिवशी दिंडोरी, वणीमार्गे बाबापूर गाठून मार्कंड्या केला होता आणि रात्री बारीत तंबू टाकला होता. आज रवळ्या-जवळ्याच्या पठारावरून धोडप. उद्या कांचनच्या खिंडीकडे, आणि मग चांदवडच्या अंगाला उतरायचं. ज्यांनी ही रांग पाहिली नाही त्यांना एवढंच सांगते, की सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे धावलेली ही डोंगरांची माळ आहे आणि तिच्यात किल्ले अगदी मण्यांसारखे ओवलेले आहेत. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या, जवळ्या, धोडप, कांचन, राजधेर, इंद्राई, चांदवड. एकावर उभं राहिलं की पुढचा दिसतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरून वडाळीभोईजवळ जाणारा प्रत्येक माणूस शिवलिंगासारखा धोडप खिडकीतून बघतो. त्याच्या पायथ्यापर्यंत दुसऱ्या डोंगरावरून चालत यायला मिळतं, हे फार थोड्यांच्या मनात येतं.

मला या रांगेचं वेड लागलं ते पाण्यामुळे. माथ्यावरून चालताना डाव्या हाताला कळवणचा प्रदेश, त्यातलं पाणी गिरणेला आणि गिरणेतून तापीला जातं. उजव्या हाताला दिंडोरीचा प्रदेश, ते पाणी कादवेतून गोदावरीला. एकाच पठारावर पडलेल्या पावसाचा एक थेंब खंबातच्या आखातात पोहोचतो आणि हातभर अंतरावरचा दुसरा आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. हे भूगोलाच्या पुस्तकात वाचून कळतं, पण पठाराच्या कडेला उभं राहून दोन्हीकडे मान वळवली की अंगावर काटा येतो. डिसेंबरात डावीकडे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे ओले, काळे वाफे दिसतात आणि उजवीकडे द्राक्षांचे मांडव.

चढ चढताना भाच्याने विचारलं, "मावशी, वर कुणाकडे जेवलो तर पैसे किती द्यायचे?"

बावीस वर्षांचा मुलगा, मनाने सरळ. फुकट खायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. मलाही त्याच्या वयात एवढंच कळायचं. आणि त्या कळण्यातून मी एकदा एका घराला दुखावलं होतं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. बागलाणात एका किल्ल्यावरून उतरताना वाट चुकून आम्ही एका पाड्यावर पोहोचलो होतो. दुपारचे तीन, पाणी संपलेलं. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी काही न विचारता ओट्यावर बसवलं, सुनेला हाक मारली, आणि अर्ध्या तासात आमच्यापुढे भाकऱ्या आल्या. आम्ही चौघं भुकेने व्याकूळ होतो, मनसोक्त जेवलो. निघताना मी दोनशे रुपये काढून बाबांच्या हातात ठेवले. त्यांनी नोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नोटा ओट्याच्या कडेला ठेवून दिल्या. "असं असतं तर आधी सांगायचं ना बाई. आम्ही पाव्हणे समजून वाढलं." एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मी नोटा उचलू की तिथेच राहू देऊ हे मला ठरवता येईना. शेवटी तशाच ठेवून उतरले. पाड्याचा उतार संपेपर्यंत मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही.

ती गोष्ट मी घरी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तुझी आजी शिधा न्यायची. तू काय नेलं होतंस?"

आजी मालेगाव तालुक्यातली. कसमाद्याकडची, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागातली, आणि खानदेशातली माणसं चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी जातात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडाकडे जाणारे सगळे रस्ते त्या माणसांनी भरून वाहत असतात. ऊन मी म्हणत असतं, डांबर वितळत असतं, आणि डोक्यावर गाठोडी, हातात निशाणं घेऊन बायाबापड्या चालत असतात. आजी अशी कितीतरी वर्षं गेली. तिच्या गाठोड्यात दोन वेगळ्या गोष्टी असायच्या आणि त्यांची नावंही वेगळी होती. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी ही शिदोरी. ती शिजवलेली, वाटेत सोडून खायची, दोन दिवसांत संपायची. आणि तांदूळ, डाळ, गूळ हा शिधा. तो कोरडा. मुक्कामाला कुणाच्या ओट्यावर टेकलं की आजी आधी शिधा काढून घरधनिणीच्या सुपात ओतायची, मग पाणी मागायची. हा क्रम ती कधी मोडत नसे, असं आई सांगते.

त्या क्रमावर मी खूप विचार केला आहे. जेवण झाल्यावर दिलं की ते जेवणाचं मोल होतं. भाकऱ्या मोजल्यासारखं होतं. तेच उंबऱ्यावर, चूल पेटायच्या आधी दिलं की घराच्या सामानात आपलं सामान मिसळतं, आणि मग जे शिजतं ते दोघांचं असतं. घराने आपल्याला वाढलं तरी आपण हात पसरलेला नसतो, आणि घरालाही दुकान मांडल्यासारखं वाटत नाही. रक्कम तीच असेल, वस्तू त्याहून स्वस्त असेल, पण वेळ बदलली की सगळं बदलतं. म्हणून ती पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात. उंबऱ्यावर उभं राहून सॅक उपसत बसलं की ती वेळ निघून जाते.

पैशाला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. आता किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत कितीतरी घरं ट्रेकर लोकांना जेवण करून देतात, ताटाचा दर ठरलेला असतो. ते त्यांच्या कष्टाचं उत्पन्न आहे आणि तिथे घासाघीस करणारे लोक पाहिले की मला संताप येतो. शहरात हॉटेलात चारशेची भाजी मुकाट्याने खाणारा माणूस डोंगरात दीडशेच्या ताटाला "शंभरात करा" म्हणतो, हे मला सहन होत नाही. जिथे दर आहे तिथे तो पूर्ण द्यावा, वर चांगलं झालं होतं असं तोंडाने सांगावं. पण जिथे दर नाही, जिथे नुसतं घर आहे, तिथे घरासारखं जावं.

हे सगळं मी भाच्याला चढावर एका दमात सांगितलं नाही, तेवढा दम नव्हताच. तुटक तुटक सांगत गेले. तो ऐकत होता की धापा टाकत होता ते कळत नव्हतं.

पठारावर आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. दोन बाजूंना रवळ्या आणि जवळ्या, दोन पाटांसारखे ठेवलेले. त्यांचे काळे कडे उन्हात उजळून निघाले होते. वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकलेलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले आणि पुन्हा कुणी त्यांचा आश्रय घेऊ नये म्हणून अनेक ठिकाणच्या पायऱ्या आणि वाटा फोडून टाकल्या. त्यामुळे आज ज्याला आपण अवघड चढाई म्हणतो ती कित्येक जागी मूळची सोपी पायऱ्यांची वाट होती. पठारावरच्या माणसांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांची गुरं कड्याखालच्या गवतात चरत असतात.

आणि तिथेच, गवताच्या मधोमध, दोन-तीन घरांची वस्ती. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. एका घराच्या अंगणात म्हातारी आजी सुपात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसली होती. कुत्रं भुंकलं, तिने त्याला दटावलं आणि डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघितलं.

"कुठून आल्या?"

"बारीतून, आजी. रात्री तिथेच होतो."

"बारीत निजल्या? थंडी नाही वाजली का?"

मी सॅक उतरवली, वरचा कप्पा उघडून पिशवी काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. "आजी, हा शिधा. आम्हाला दोन घास मिळतील का? दुपारपर्यंत पुढे धोडपच्या वाटेला लागायचं आहे."

तिने पिशवीचं तोंड उघडून आत बघितलं. डाळ बोटांनी चाळली, खोबऱ्याची वाटी वास घेऊन पाहिली. "शिधा आणला," ती आत तोंड करून सुनेला म्हणाली. मग आम्हाला, "या. आत सावलीत बसा."

डाळ तुरीचीच का, हेही सांगते. या पठारावर आणि उतारांवर नागली, वरई, उडीद, हुलगे, खुरासणी (कारळे) पिकते. जे त्यांच्याकडे भरपूर आहे ते त्यांना नेऊन देण्यात अर्थ नाही. तूर, चहा, खोबरं हे खाली वणीला नाहीतर कळवणला जाऊन आणावं लागतं, आणि आणायचं म्हणजे उतरायचं आणि पुन्हा डोक्यावर घेऊन चढायचं. माझ्या पाठीवर दीड किलो चढलं तर त्या घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावरचं दीड किलो उतरतं.

चुलीपाशी सून बसली. मी जवळ सरकून बघत राहिले, कारण नागलीची भाकरी करताना बघणं हे मला कुठल्याही देवळातल्या आरतीइतकं आवडतं. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो. तिने आधी पाण्याला उकळी आणली, पीठ त्यात घालून उकड काढली, वाफ दाबून ठेवली. मग लाकडी काठवटीत ती उकड घेऊन तळहाताच्या टाचेने मळायला लागली. खूप मळली. प्रत्येक दाबाबरोबर पिठाचा रंग बदलत गेला, विटकरी होता तो ओलसर चॉकलेटी झाला, आणि कडा फाटायच्या थांबल्या. गोळा दोन तळव्यांत घेऊन थापता थापता ती भाकरी फिरवत होती, आणि बांगड्यांचा एकसारखा आवाज होत होता. मातीच्या तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकतंय असं दिसताच उलटवली, आणि मग चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांना टेकवून उभी केली. भाकरीचा पापुद्रा टच्च फुगला. एका ठिकाणी बारीक भोक पडून त्यातून वाफेची रेघ निघाली. तिने चिमटा न घेता बोटांनीच ती उचलली.

सोबत उडदाची डाळ, लसूण आणि मिरची ठेचून घातलेली, आणि खुरासणीची काळी चटणी. खुरासणीला तिळासारखाच, पण त्याहून रानटी वास असतो. ती जिभेवर आधी कडवट लागते, मग तेल सुटतं आणि गोडसर होते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाठीवर ओझं घेऊन तीन तास चढून आलेल्या माणसाला अन्न जसं लागतं तसं घरी बसून कधीच लागत नाही. पोटात ऊब उतरताना कळते, पिंढऱ्यांपर्यंत.

जेवून उठल्यावर भाच्याने अंगणातल्या हंड्यातून लोटा भरून हात धुतले, तोंड धुतलं, मग दुसरा लोटा भरून ताटावर ओतला. मी त्याला थांबवेपर्यंत दोन लोटे गेले होते. सून काही बोलली नाही. नातू मात्र, आठ-नऊ वर्षांचा असेल, मातीत जिरणाऱ्या पाण्याकडे बघत होता. मी भाच्याला घेऊन झऱ्यावर गेले. पठाराच्या कडेला थोडं उतरून एक खोदलेला खड्डा आहे, त्यात वाटीवाटीने पाणी साचतं. डिसेंबरात बरं असतं, चैत्र-वैशाखात तिथेच रात्रीची पाळी लावून बसावं लागतं, असं सुनेने सांगितलं. गोदावरी आणि तापी या दोन मोठ्या नद्यांना पाणी वाटून देणारं पठार, आणि त्यावरच्या घराला उन्हाळ्यात हंडा भरायला रात्र जागावी लागते. आम्ही दोघांनी दोन हंडे भरून वर आणले. भाच्याच्या खांद्यावर हंडा होता आणि तो मान वाकडी न करता, पाणी हिंदकळू न देता चालत होता. सॅक घेऊन इतका जपून तो सकाळपासून चालला नव्हता.

घरात खुंटीला एक पिशवी टांगलेली होती, तिच्यावर "आनंदाचा शिधा" असं छापलेलं. २०२२ च्या दिवाळीत सरकारने रेशनवर शंभर रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल दिलं होतं, त्या योजनेतलीच ती. आता तिच्यात पुढच्या हंगामाचं नागलीचं बियाणं ठेवलं होतं. नागलीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते, असं म्हातारीने मूठभर दाखवत सांगितलं. माझं लक्ष मात्र त्या पिशवीवरच्या शब्दावर होतं. नाशिकमध्ये आमच्याकडे हा शब्द पौषात कानावर येतो. संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरला निघतात, शहरातून जातात, आणि ठरलेली घरं त्यांना शिधा देतात, जेवण देतात. तिथे देणारा रस्त्याकडेच्या घरातला असतो आणि चालणारा घेतो. माझ्या आजीचा शिधा उलट दिशेचा होता. चालणारा देतो आणि घर घेतं. पण शब्द तोच, आणि कुणालाही त्यात वरखाली वाटत नाही.

साडेअकराला सॅक पाठीवर घेताना म्हातारी डाळीची पिशवी घेऊन बाहेर आली. सुपात डाळ ओतली आणि ओंजळीने मोजून पुन्हा पिशवीत भरायला लागली. एक, दोन, तीन, चार. निम्मी डाळ पिशवीत परत गेली.

"आजी, हे कशाला?"

"धोडपला रात्री काय खाल? तिथं देवीच्या गुहेत कोण वाढणारे? चहा ठेवते, खोबरं ठेवते. डाळ अर्धी घेऊन जा."

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने शिधा घेतला होता तेव्हा नको म्हटलं नव्हतं. मग मला नको म्हणायचा काय अधिकार? पिशवी घेतली. सुनेने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या दिल्या, घडीत चटणी घातलेली. आम्ही शिधा घेऊन आलो होतो आणि शिदोरी घेऊन निघालो.

धोडपपर्यंतची पुढची वाट लांब आहे आणि तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पठार संपतं, धार लागते, उतरावं लागतं, पुन्हा चढावं लागतं. दुपारचं ऊन डिसेंबरातही पाठीत शिरतं. एकदा चुकीच्या सोंडेवर उतरलो आणि पाऊण तास गेला. धोडपचा माथा आणि त्याच्या भिंतीतली ती प्रसिद्ध खाच सतत दिसत राहते, पण जवळ येत नाही. १७६८ मध्ये राघोबादादा इथे माधवराव पेशव्यांशी लढले, हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत गेले. शेवटचा चढ चढताना माझ्या मनात राघोबादादा नव्हते, फक्त पुढचं पाऊल होतं.

गुहेत पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. शेजारच्या टाक्यातलं पाणी थंडगार. आम्ही सॅक टाकल्या आणि बराच वेळ नुसते बसलो. कमरेवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. खाली अंधार पडत गेला आणि दूर महामार्गावरच्या गाड्यांच्या दिव्यांची माळ हलायला लागली.

भाचा म्हणाला, "तू पड. मी खिचडी लावतो."

स्टोव्हचा आवाज ऐकत मी पडून होते. त्याने तांदूळ धुतले, धुतलेलं पाणी फेकून न देता बाजूला ठेवलं आणि त्यातच नंतर भांडं विसळलं. खिचडी पातळ झाली होती, मीठ थोडं जास्त. दोघांनी एकाच भांड्यातून खाल्ली.

सकाळी आम्ही त्या दोन भाकऱ्यांची पुडी सोडली. नागलीची भाकरी रात्रीतून कडक होते, मोडताना कट्‌ असा आवाज येतो. चटणीचं तेल कागदाला लागलं होतं. दोन घोट काळ्या चहात बुडवून खाल्ली. पूर्वेला, सूर्याच्या अंगाला, कांचनची धार दिसत होती. १६७० च्या ऑक्टोबरात, दुसऱ्यांदा सुरत लुटून येताना शिवाजी महाराजांनी तिथल्या खिंडीजवळ दाऊदखान कुरेशीच्या फौजेला तोंड दिलं होतं, लादलेली जनावरं पुढे काढून देत. आज आम्हाला तिकडेच जायचं होतं.

सॅक भरताना मला डाळीची पिशवी दिसली. आजीने परत दिलेल्यातली निम्म्याहून जास्त डाळ अजून तिच्यात होती.

"अरे, रात्री डाळ घातलीस ना?"

"एक ओंजळ घातली," तो म्हणाला. "बाकीची ठेवली. कांचनखाली कुठे घर लागलं तर."

पिशवीला गाठ मारून त्याने ती स्वतःच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली, चटकन हाताला लागेल अशी.